कागदावरचा दुसरा जन्म

पेपरच्या आतल्या पानावर निविदा, नावातले बदल आणि हरवलेली शेअर सर्टिफिकेटं यांच्या गर्दीत कधीकधी एक छोटा चौकोन दिसतो. वर ‘जाहीर सूचना’, मधे एका बाळाचा फोटो. मोठे डोळे, कॅमेऱ्याच्या भलतीकडे गेलेली नजर, अंगात दोन मापं मोठं झबलं. खाली तीन-चार ओळी: हे बालक अमुक तारखेला अमुक ठिकाणी आढळलं, आईवडिलांनी वा नातेवाइकांनी संस्थेशी किंवा बालकल्याण समितीशी संपर्क साधावा, मुदतीत कोणी न आल्यास पुढील कार्यवाही करण्यात येईल. आपण वाचतो, चुकचुकतो आणि पान उलटतो.

त्या ‘पुढील कार्यवाही’चा माग काढायला लागलं की थक्क व्हायला होतं. कारण ती वाट कधीकधी थेट स्टॉकहोम, मिलान नाहीतर शिकागोपर्यंत जाते. एका सरकारने कागदावर कागद चढवत एक मूल दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या भाषेतल्या दोन अनोळखी माणसांचं करून टाकायचं, आणि तेही असं की उद्या जगातल्या कुठल्याही कचेरीत त्या नात्यावर कुणाला बोट ठेवता येऊ नये. कारकुनीने केलेली याहून मोठी जादू मला ठाऊक नाही. आणि ही जादू चालू असताना मुलाचं शरीर मात्र जुन्या घराची एक नोंद गुपचूप आपल्याजवळ ठेवून घेतं. ती कुठल्याही फाइलीत सापडत नाही. तिचा पत्ता लागला तो प्रयोगशाळेत, आणि तोही अलीकडे.

आधी फाइल बघू.

सापडलेल्या मुलाच्या बाबतीत कायदा आधी वाट बघतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ सांगतो की दोन वर्षांपर्यंतचं मूल असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत बालकल्याण समितीने शोध पुरा करून ते दत्तक देण्यास मोकळं आहे का, हे ठरवावं. आईने स्वतः येऊन मूल सोपवलं असेल तर तिला विचार बदलायला ६० दिवस मिळतात. सरकारी कामात उशिराला आपण शिव्या घालतो, पण हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे आणि तो हवाच.

मूल ‘मोकळं’ झालं की पुन्हा ६० दिवस. या काळात भारतातली आणि परदेशी राहणारी भारतीय जोडपी यांना पहिली संधी. न्यू जर्सीतलं मराठी जोडपं आणि नाशिकचं जोडपं या बाबतीत एकाच रांगेत उभं असतं. कुणीच पुढे आलं नाही, तर ते मूल परदेशी कुटुंबासाठी खुलं होतं. अपंगत्व असलेली मुलं, एकत्रच द्यायची भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना परदेशी दत्तकासाठी प्राधान्य देता येतं, असंही कायद्यात आहे. या तरतुदीचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. परदेशी विमानात बसणारं मूल बऱ्याचदा तान्हं नसतं. त्याला चालता येतं, बोलता येतं, वरण-भात आणि खिचडी यांतला फरक कळतो. म्हणजे त्याला आठवणी असतात.

ही व्यवस्था आभाळातून पडलेली नाही. कितीतरी वर्षं परदेशी माणसाला भारतात मूल दत्तक घेताच येत नव्हतं. १९५६ चा दत्तकाचा कायदा फक्त हिंदूंसाठी. बाकीच्यांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचा आधार. म्हणजे इथल्या कोर्टाने परदेशी जोडप्याला नुसतं ‘पालक’ नेमायचं, मूल परदेशी न्यायची परवानगी द्यायची आणि खरं दत्तकविधान त्यांनी आपल्या देशात गेल्यावर करायचं. विमानात असताना ते मूल कायद्याने अजून त्यांचं झालेलं नसे. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं: दत्तकाच्या नावाखाली मुलं परदेशी पाठवण्यात गैरप्रकार चालले आहेत. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. आजच्या नियमांची मुळं त्या निकालात आहेत. १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा आली. १९९३ चा हेगचा आंतरराष्ट्रीय दत्तक करार भारताने २००३ मध्ये मान्य केला.

दत्तकाच्या कागदाची किंमत मराठी माणसाला तशी नवी नाही म्हणा. झाशीच्या गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखत दत्तक घेतला आणि तसं पत्रही दिलं. गव्हर्नर जनरल डलहौसीने मुलाला खासगी मालमत्तेचा वारस मानलं, गादीचा मानलं नाही. एकाच विधीने एकाच मुलाला अर्धा मुलगा करून ठेवलं. पुढचं आपण शाळेत शिकलो आहोत.

आता आजचे कागद. जोडपं राहतं त्या देशात आधी त्यांच्या घराची पाहणी होते. तिला सगळीकडे ‘होम स्टडी’च म्हणतात. पगार, कर्ज, तब्येत, पोलिसांचा दाखला हे सरळ प्रश्न. मग वाकडे: तुमच्या लहानपणी घरात शिस्त कशी होती? मूल होत नाही याचं दुःख दोघांनी मिळून पचवलं का वेगवेगळं? वयाचंही गणित आहे. दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर जाता कामा नये. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, आठ वर्षांपर्यंत १००, पुढे ११०. वाट बघता बघता बेरीज वाढत जाते आणि मनातलं बाळही कागदावर मोठं होत जातं.

मग शिक्के. परदेशात निघालेला कागद भारतात चालावा म्हणून त्यावर ‘अपोस्टिल’ लागतं. १९६१ च्या करारातून आलेली ही सोय भारतात २००५ पासून आहे. अपोस्टिलमध्ये एक विलक्षण गोष्ट आहे. मजकूर खरा आहे, असं ते कधीच म्हणत नाही. खाली सही करणारा माणूस खरोखर त्या पदावर आहे आणि सही-शिक्का त्याचाच आहे, एवढीच हमी ते देतं. आत काय लिहिलंय, ते लिहिणाऱ्याचं पाप-पुण्य. दत्तकाच्या साऱ्या आंतरराष्ट्रीय डोलाऱ्याचा कच्चा दुवा नेमका इथे आहे. दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की तिथून अमेरिका-युरोपात पाठवलेल्या मुलांपैकी अनेकांच्या कागदांत आईवडील जिवंत असताना ‘अनाथ’ अशी नोंद झाली होती, काहींची तर ओळखच दुसऱ्या मुलाच्या नावावर चढवली होती. कागद सगळे जागच्या जागी, सह्या खऱ्या, शिक्के खरे. आपण कोरियाकडे बोट दाखवून मोकळं व्हायचं कारण नाही. पुण्यातल्या एका संस्थेचं प्रकरणही सीबीआयपर्यंत गेलं होतं.

दोन्ही देशांच्या यंत्रणांनी ‘हे मूल या कुटुंबात जाऊ द्या’ असं परस्परांना कळवलं की ‘कारा’चं ना-हरकत प्रमाणपत्र निघतं. मग दत्तकाचा आदेश. तो पूर्वी कोर्ट द्यायचं, १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. बदलाच्या काळात कोर्टातल्या फायली जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायच्या की नाही यावरून गोंधळ उडाला आणि २०२३ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने प्रलंबित प्रकरणं हलवू नका, असं सांगितलं. फाइल कुठल्या टेबलावर आहे या प्रश्नाचा अर्थ तिकडे एका घरात रंग देऊन ठेवलेली रिकामी खोली असा होतो, हे त्या टेबलांना कुणी सांगत नाही.

आदेश हातात आला की सगळ्या प्रवासातला मला सर्वांत अद्भुत वाटणारा कागद निघतो: जन्मदाखला. महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी खिडकीवर, जिथे आपण शाळाप्रवेशासाठी रांगेत उभे राहतो, तिथूनच. त्यावर जन्मतारीख आदेशातली, आणि आईवडिलांच्या रकान्यात दत्तक आईवडील. ज्यांनी त्या तारखेपर्यंत भारतात पाऊलही ठेवलेलं नसेल, त्यांना पुण्याच्या महापालिकेच्या दाखल्यावर मूल झालेलं असतं. हा खोटेपणा नाही. कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे आदेशाच्या तारखेपासून ते मूल सर्व अर्थांनी त्यांचंच, आणि जन्मदात्या कुटुंबाशी त्याचे सारे कायदेशीर संबंध संपले. दाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवर व्हिसा, आणि दत्तकविधान हेगच्या करारानुसारच झालं, असं ‘कारा’चं प्रमाणपत्र.

अमेरिकेत तर शेवटचा चमत्कार विमानतळाच्या खिडकीवरच घडतो. २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे, भारतातच दत्तकविधान पुरं झालेलं मूल योग्य व्हिसावर आत आलं की आपोआप अमेरिकन नागरिक होतं. विमानात भारतीय म्हणून झोपलेलं मूल शिक्का बसताच अमेरिकन. पण त्या तारखेला ज्यांनी अठरा वर्षं पुरी केली होती त्यांना हा कायदा लागू नाही. त्यांच्या आईवडिलांनी नागरिकत्वाचा अर्ज वेगळा केला नसेल तर ती माणसं अमेरिकेत वाढूनही परकीच राहिली. मुंबईतून लहानपणी दत्तक गेलेली एक स्त्री, तिथे लग्न होऊन दोन मुलांची आई झालेली, एका गुन्ह्यानंतर २००८ मध्ये परत भारतात पाठवली गेली. ना हिंदी येत होती, ना मराठी. कागदाच्या हिशेबाने तिला मायदेशी पाठवलं होतं, आणि तिचं घर होतं अमेरिकेत.

या कागदांच्या फटींत जो रिकामा वेळ असतो, तो माणसं कशी काढतात? आदेशाची प्रत, पासपोर्ट, व्हिसा यांची वाट बघत परदेशी जोडपी भाड्याच्या सदनिकेत राहतात. मूल तोवर त्यांच्याकडे आलेलं असू शकतं. नियमांत तशी सोय आहे. रिक्षावाल्याशी बोलता येत नाही, पोट बिघडलेलं, बाहेर हॉर्नचा कालवा, आणि मधे एक चार वर्षांची मुलगी, जी दार उघडलं की चपला घालायला धावते. तिला बाहेर जायचं नसतं. तिला परत जायचं असतं.

लोक विचारतात, संस्थेची कसली आलीय आठवण? सुटली बिचारी! हा प्रश्न मोठ्यांचा. तिच्यासाठी घर म्हणजे ओळीने लावलेल्या कॉटा, शेजारच्या मुलाचा श्वास, सकाळच्या रव्याच्या खिरीचा वास, आणि रात्रपाळीच्या मावशींचा ‘झोपा गं आता’ हा आवाज. एकट्याने खोलीत झोपणं तिने कधी केलेलंच नसतं. नव्या आईवडिलांनी प्रेमाने सजवलेली स्वतंत्र खोली तिला शिक्षा वाटते. मग कितीतरी आईबाप पलंग सोडून जमिनीवर गादी घालतात.

परदेशी मराठी जोडप्याच्या बाबतीत तर ओढीची दिशाच उलटी होते. आई किती वर्षांनी माहेरी आलेली असते, रोज साबुदाण्याची खिचडी आणि मावशा-आत्यांच्या भेटी. तिची घरची तहान भागत असते, त्याच दिवसांत मुलाची सुरू होते. आजी कौतुकाने जवळ घेते, मराठीतच बोलते, आणि तरी मूल ‘मावशी कुठाय?’ विचारतं तेव्हा घरातल्या तिन्ही सख्ख्या मावशा एकमेकींकडे बघतात.

जाणकार समुपदेशक एक साधी गोष्ट सांगतात: मूल ज्या कपड्यात येईल तो कपडा, ती दुपटी लगेच धुऊ नका. इस्त्रीचा फ्रॉक घालून फोटो काढण्याच्या घाईत हे विसरलं जातं. मळकट झबल्याला संस्थेच्या साबणाचा, तेलाचा, इतर मुलांचा वास असतो, आणि रात्री रडणारं मूल त्यात तोंड खुपसून शांत होतं. नियमांतही या बाजूचा थोडा विचार आहे. संस्थेने मुलाच्या आयुष्याचा फोटो अल्बम करून कुटुंबाला द्यायचा असतो: आवडीनिवडी, दिनक्रम, जन्मदात्यांची ओळख मात्र वगळून. मूल गेल्यावरही दोन वर्षं अहवाल येत राहतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. उंची, वजन, शाळा, भाषा.

भाषेच्या रकान्यात बहुधा आनंदाची बातमी असते: मूल नवी भाषा बोलू लागलं. काही महिन्यांत ते ती सफाईने बोलतं आणि जुनी तितक्याच वेगाने जाते. अगदी पाच-सहा वर्षांचं, घडाघडा बोलणारं मूलही वर्षभरात पहिल्या भाषेत गप्प होतं. मग प्रश्न असा की ती भाषा गेली म्हणजे पुसली गेली, की नुसती सापडेनाशी झाली?

पॅरिसमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या तरुणांना कोरियन वाक्यं ऐकवली आणि मेंदूची प्रतिमा घेतली. काहीच नाही. त्यांचा मेंदू कोरियन कधीच न ऐकलेल्या फ्रेंच माणसासारखाच वागला. प्रकरण मिटलं, असं वाटलं. मग २०१४ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी चीनमधून दत्तक आलेल्या मुली बोलावल्या. सरासरी तेरा महिन्यांच्या असताना आलेल्या, आता ९ ते १७ वर्षांच्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या, चिनीचा एक शब्द न समजणाऱ्या. त्यांना वाक्यं न देता चिनी भाषेतले नुसते सूर ऐकवले, आवाजाचा चढउतार, ज्याच्यावर तिथे शब्दाचा अर्थ ठरतो. त्यांच्या मेंदूचा डावा, भाषेचा भाग उजळला, अगदी आजही चिनी बोलणाऱ्या मुलींसारखा. फ्रेंच मुलींच्या मेंदूला ते सूर म्हणजे नुसता आवाज होता.

आपल्या अधिक जवळचा प्रयोग लेहर सिंग आणि सहकाऱ्यांचा, २०११ मधला. भारतातून अमेरिकेत दत्तक गेलेली मुलं त्यांनी घेतली आणि त्यांच्या कानांची परीक्षा पाहिली ती ‘त’ आणि ‘ट’वर. आपल्याला हे दोन वेगळे वर्ण आहेत हे सांगावंही लागत नाही. तात आणि टाट यांत गफलत होईलच कशी? इंग्रजी कानाला मात्र दोन्ही एकच. पहिल्या फेरीत दत्तक मुलंही नापास. जन्माने अमेरिकन मुलांइतकीच बहिरी. मग दोन्ही गटांना थोडासाच सराव दिला. अमेरिकन मुलांना काही फरक पडला नाही. भारतात जन्मलेल्या मुलांना ‘त’ वेगळा आणि ‘ट’ वेगळा ऐकू येऊ लागला. बंद पडलेल्या वाड्याचं कुलूप गंजलं होतं, पण किल्ली लागत होती.

नेदरलँड्समधल्या कोरियन दत्तकांवरचा २०१७ चा अभ्यास त्याहून पुढे गेला. मोठ्या वयात कोरियन ध्वनी शिकताना ही माणसं डच लोकांपेक्षा लवकर तयार झाली, आणि सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेलेही मागे नव्हते. बोलायला तोंड उघडण्याआधी, नुसतं पाळण्यात पडून ऐकलेलं. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून गेलेल्या क्रिकेटपटू लिसा स्थळेकरच्या कानात काय उरलं असेल, असं मला उगाच वाटून जातं. ससून रुग्णालयाच्या आवारातल्या ‘श्रीवत्स’ या संस्थेतून १९७९ मध्ये तिला नेणारे वडील मूळचे मुंबईचे, आई इंग्लिश. मुलगी वाढली ऑस्ट्रेलियात आणि त्या देशाच्या संघाची कर्णधार झाली.

कानाप्रमाणे डोळेही साठवतात, आणि तेही चुकीच्या नावांसकट. सरू ब्रायर्ली पाच वर्षांचा असताना, १९८६ मध्ये, बुऱ्हाणपूर स्टेशनवर भावाची वाट बघता बघता गाडीत झोपला आणि हावड्याला उतरला. भुसावळवरून खंडव्याकडे गेलेल्या कुणालाही ते स्टेशन माहीत असेल. घर कुठे, तर तो जे सांगे ते गाव कुणालाच सापडेना, कारण तो सांगत होता ते वस्तीचं नाव, आणि तेही त्याच्या तोंडात बदललं होतं. पुढच्या वर्षी तो टास्मानियात दत्तक गेला. फाइलीत घराचा पत्ता नव्हता. डोक्यात मात्र पाण्याची टाकी, रेल्वेवरचा पूल, नदीकडे जाणारी वाट हे सगळं होतं. मोठेपणी तो उपग्रहाच्या नकाशावर हावड्याहून निघणारे रूळ रात्र-रात्र तपासत बसला, आणि २०११ मध्ये पडद्यावर ती टाकी दिसली. तिथून माग काढत सापडली खंडव्यातली त्याची वस्ती, गणेश तलाई. २०१२ च्या सुरुवातीला तो तिथे पोचला. मुलगा कधीतरी परतेल म्हणून आईने वस्ती सोडली नव्हती. दोघांना बोलायला मधे दुभाषा लागला.

असा नकाशा सगळ्यांच्या डोक्यात नसतो. बाकीचे पुन्हा कागदाकडेच येतात. अठरा वर्षांवरच्या दत्तक व्यक्तीला आपल्या मुळांचा शोध घ्यायचा हक्क भारतीय नियमांत आहे. ती ‘कारा’कडे किंवा संस्थेकडे अर्ज करू शकते. पण मूल सोपवणाऱ्या आईने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिच्या संमतीशिवाय ते उघड होत नाही. दोघींचे हक्क एकाच फाइलीत समोरासमोर बसलेले असतात आणि कुठलाही अधिकारी निकाल देऊ शकत नाही. माझं मत विचाराल तर विचार बदलण्यासाठीच्या त्या साठ दिवसांत आईला एक पाकीट द्यायला हवं: नाव न घालता, हवं तर चार ओळी लिही, मूल मोठं होऊन आलं तर देऊ. अशी एक जागा फाइलीत ठेवायला कितीसा खर्च येईल?

दरम्यान, फायलींची ही वर्दळ झपाट्याने आटते आहे. चीनने २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ बंद केलं. नेदरलँड्सनेही त्याच वर्षी हा मार्ग टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. नवी मुलं कमी जातील. आधी गेलेली आता तिशी-चाळिशीत आहेत. त्यांतली काही पुण्या-मुंबईच्या संस्थांच्या दारात उभी राहतात, हातात झेरॉक्स केलेला जुना आदेश घेऊन, आणि इंग्रजीत विचारतात की तेव्हाचं रजिस्टर अजून आहे का.